प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण : छोटा रेकॉर्डर निवडताना आणि वापरताना

हातात मावणारा रेकॉर्डर घ्यायला निघालेला माणूस सहसा खोक्यावरचे आकडे वाचतो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, अलीकडे ३२ बिट फ्लोट, असे ते आकडे असतात आणि ते खरेही असतात. परंतु ते आवाजाच्या वाटेवरील अगदी शेवटच्या टप्प्याविषयी सांगतात. वाद्यातून किंवा गळ्यातून निघालेला आवाज आधी सभागृहाच्या हवेतून माइकपर्यंत येतो, माइकचा पडदा त्याचे जेमतेम काही मिलिव्होल्टच्या विद्युत संकेतात रूपांतर करतो, प्रीॲम्प तो संकेत वाढवतो, आणि त्यानंतरच त्याचे आकड्यांत रूपांतर होऊन तो मेमरी कार्डावर उतरतो. आधीच्या टप्प्यात जे बिघडले ते पुढच्या टप्प्याला सुधारता येत नाही. त्यामुळे रेकॉर्डर निवडताना आधी त्याचे माइक, मग प्रीॲम्प आणि सर्वांत शेवटी बिट व किलोहर्ट्झ पाहावेत, आणि या सगळ्यांच्याही आधी तो ठेवायचा कुठे याचा विचार करावा, असे माझे मत आहे.

तरीही आकड्यांचा प्रश्न लवकर निकालात निघणारा असल्यामुळे तो आधी उरकून घेऊ. माणसाच्या कानाला तरुणपणीही साधारण २० किलोहर्ट्झच्या पलीकडचे ऐकू येत नाही, आणि कोणतीही कंप्रता नीट नोंदवायची तर तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्यावे लागतात. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ आणि व्हिडिओचा ४८ किलोहर्ट्झ हे दोन्ही दर या नियमात बसतात. संगीतासाठी यांपैकी कोणताही पुरेसा आहे; चित्रीकरणाला आवाज जोडायचा असेल तर ४८ घ्यावा. ९६ निवडल्यास फाइल दुप्पट होते एवढे निश्चित, ऐकण्यातला फरक मात्र मला तरी पटलेला नाही.

बिटचे गणित याहून उपयोगाचे आहे. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल असा हिशेब धरला तर १६ बिटमध्ये ९६ आणि २४ बिटमध्ये १४४ डेसिबलचा पल्ला, म्हणजे सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, मिळतो; यातले १४४ कागदावरचेच, कारण उपकरणातले प्रत्यक्ष परिपथ ११० ते १२० च्या पुढे क्वचितच जातात. श्रोत्यांनी भरलेले सभागृह शांत असतानाही तेथे ३५ ते ४० डेसिबलचा गजबजाट असतोच, आणि मोठ्या आवाजातला रॉकचा कार्यक्रम ११० च्या आसपास पोहोचतो, म्हणजे संगीताला लागणारा पल्ला सत्तरच्या घरातला. तो १६ बिटमध्येही मावतो. तरीही २४ बिटच निवडावे, कारण मग लेव्हल, म्हणजे मुद्रणाची पातळी, सढळ हाताने खाली ठेवता येते आणि नंतर आवाज वाढवला तरी खरखर वर येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनल, या मापाने तासाला साधारण १ जीबी जागा लागते, आणि आजच्या कार्डांच्या मानाने ती नगण्यच म्हणायला हवी. एमपी३ मध्ये मुद्रण करण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

आता माइक. छोट्या रेकॉर्डरवर दोन माइक बसवलेले असतात, आणि ते कोणत्या जातीचे आहेत यावर निम्मा निर्णय अवलंबून असतो. टॅस्कॅमच्या डीआर-०५एक्सवर सर्व दिशांचा आवाज सारखाच घेणारे माइक आहेत. झूमच्या एच१एनवर समोरचा आवाज अधिक आणि मागचा कमी घेणारे, म्हणजे एकदिश, एकमेकांवर ९० अंशांत कललेले माइक आहेत. सोनीच्या पीसीएम-डी१०० मध्ये माइक फिरवून कोन बदलता येतो. सर्व दिशांचे माइक खर्जातले स्वर भरभक्कमपणे पकडतात आणि वाऱ्याला व हाताच्या धक्क्याला कमी दाद देतात, पण शेजारच्या श्रोत्याची कुजबुजही तितक्याच निष्ठेने नोंदवतात. एकदिश माइक मागची कुजबुज आणि भिंतीवरून येणारा घुमारा कमी करतात. त्याबदल्यात दूरच्या आवाजातला खर्ज त्यांच्याकडून थोडा निसटतो. उत्तम घुमारा असलेल्या लहान सभागृहात, पुढच्या रांगेतून, ध्वनिवर्धकाविना होणारे वादन टिपायचे असेल तर मी पहिली जात निवडेन, आणि सभागृह मोठे, घुमणारे किंवा श्रोते बोलके असतील तर दुसरी.

दोन माइकमधले अंतर आणि कोन यांवर डावी-उजवी बाजू किती ठसठशीत ऐकू येईल हे ठरते. एकमेकांवर कललेल्या माइकना आवाज एकाच क्षणी मिळतो, म्हणून त्यांचे चित्र थोडे अरुंद पण नेटके असते. बाहेरचे माइक जोडायचे असतील तर फ्रेंच नभोवाणीच्या नावाने ओळखली जाणारी ओआरटीएफ मांडणी वापरून पाहावी: दोन एकदिश माइक, त्यांच्या तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर, आणि मधला कोन ११० अंश. हे अंतर माणसाच्या दोन कानांमधल्या अंतराजवळ जाते, त्यामुळे डोक्याला लावायच्या हेडफोनवर ते मुद्रण विशेष खरे वाटते.

माइकनंतर प्रीॲम्प येतो, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांची सर्वाधिक मुद्रणे याच ठिकाणी बिघडतात. शांत संगीतासाठी त्याची स्वतःची खरखर कमी असायला हवी; कर्कश संगीतासाठी त्याने मोठा संकेत न फाटता सोसायला हवा. या दोन गुणांपैकी दुसऱ्याकडे खरेदीच्या वेळी फारसे कोणी पाहत नाही. पुष्कळ उपकरणांत लेव्हलचे चाक प्रीॲम्पच्या पहिल्या भागानंतर बसवलेले असते. नरसाळे वरून ओसंडून वाहत असताना खालची तोटी बंद करून उपयोग होत नाही, तसाच हा प्रकार आहे: संकेत पहिल्या भागातच फाटलेला असतो आणि चाक फिरवून आपण तो फाटका आवाज फक्त लहान करतो. मीटर उणे १२ डेसिबल दाखवत असतो (शून्य ही त्याची वरची मर्यादा), लाल दिवा एकदाही लागत नाही, आणि घरी आल्यावर ढोलाचा प्रत्येक ठोका चरचरीत ऐकू येतो. संगणकावर तो तरंग मोठा करून पाहिला की कारण डोळ्यांना दिसते. माथे गोल असण्याऐवजी कापल्यासारखे सपाट असतात, आणि ती सपाटी शून्य डेसिबलच्या रेषेला न लागता उणे १२ वरच थांबलेली असते. म्हणजे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाला पुरेशी जागा होती. घोटाळा त्याच्या आधी झाला.

याची ओळख पटवण्याची एक सोपी खूण आहे. लेव्हलचे चाक अगदी तळाशी, म्हणजे दहापैकी दोन-तीनवर आणल्याशिवाय मीटर काबूत येत नसेल, तर प्रीॲम्प ओसंडत असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी उपकरणावर माइकची संवेदनक्षमता कमी-जास्त करणारी कळ असेल तर ती कमीवर न्यावी. बाहेरचा माइक वापरत असाल तर त्याला वेगळ्या बॅटरीच्या डबीतून वीज देऊन त्याची तार माइकच्या खोबणीऐवजी लाइनच्या खोबणीत घालावी, कारण लाइनची वाट मुळातच मोठ्या संकेतांसाठी बांधलेली असते. याचाच अर्थ असा की ज्यांना मोठ्या आवाजाचे कार्यक्रम मुद्रित करायचे आहेत त्यांनी लाइनची स्वतंत्र खोबण नसलेला रेकॉर्डर घेण्याआधी दोनदा विचार करावा.

३२ बिट फ्लोटविषयी जे बोलले जाते ते येथे तपासून घेता येते. झूमच्या एफ३ सारख्या उपकरणांत एकाच संकेताचे रूपांतर करणारे दोन भाग असतात, एक हलक्या आवाजासाठी आणि दुसरा मोठ्यासाठी, आणि दोघांचे निकाल जोडून फाइल बनते. तिच्यात दीड हजार डेसिबलहून अधिक पल्ला मावू शकतो, त्यामुळे लेव्हल आधी लावण्याची गरजच राहत नाही आणि शून्याच्या वर गेलेला आवाजही नंतर खाली आणता येतो. कार्यक्रमाआधी आवाजाची चाचणी करायला मिळत नाही अशांसाठी ही खरोखरच मोठी सोय आहे. परंतु माइकचा पडदा किंवा खोबणीनंतरचा पहिला परिपथ आपल्या मर्यादेपलीकडे गेला तर आवाज फाटायचा तो फाटतोच. तो फाटका आवाज ३२ बिटमध्ये अत्यंत अचूकपणे साठवला जातो, इतकेच. म्हणून खरेदी करताना माइक किती डेसिबलचा दाब सोसतो आणि प्रत्येक खोबण जास्तीत जास्त किती मोठा संकेत घेते, हे तांत्रिक तपशिलाच्या पानावर शोधून वाचावे.

बाहेरच्या माइकना लागणारी वीज दोन प्रकारची असते. ३.५ मिलिमीटरच्या छोट्या खोबणीतून दोन-तीन व्होल्टची प्लग-इन पॉवर मिळते आणि लहान माइकना ती चालते; एक्सएलआर खोबणीतून ४८ व्होल्टची फँटम पॉवर मिळते, ती व्यावसायिक कंडेन्सर माइकना लागते आणि सेल झपाट्याने संपवते. कार्यक्रमाच्या मिक्सरवरून, म्हणजे सगळे माइक एकत्र करून ध्वनिवर्धकाला आवाज देणाऱ्या यंत्रावरून, तार घेणार असाल तर फँटम आधी बंद करावी, कारण मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलट दिशेने वीज सोडण्यात काही शहाणपण नाही.

मिक्सरवरून थेट संकेत घेणे हा अनेकांना हमखास उत्तम मार्ग वाटतो, आणि तो काही वेळा असतोही. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली लेव्हलची: व्यावसायिक मिक्सरची नेहमीची पातळी १.२३ व्होल्ट आणि घरगुती उपकरणांची ०.३१६ व्होल्ट असते, म्हणजे जवळपास १२ डेसिबलचा फरक, आणि ऐन रंगात मिक्सर याच्या कितीतरी वर जातो. संकेत कमी करणारी तार किंवा जोडणी सोबत असावी. दुसरी गोष्ट मिश्रणाची. मिक्सरमधून जाते ते फक्त ध्वनिवर्धकाला हवे तेवढे. लहान जागेत ड्रम्सचा किंवा गिटारच्या ॲम्पचा आवाज मुळातच मोठा असल्याने तो मिक्सरमध्ये जवळजवळ नसतो, आणि मुद्रण ऐकताना गायक पुढ्यात उभा व बाकीचे वादक शेजारच्या खोलीत, असे वाटते. टाळ्या आणि सभागृहाचा श्वासही त्यात नसतो. म्हणून चार चॅनल नोंदवणारे यंत्र घ्यावे, दोन चॅनलवर मिक्सर आणि दोनवर माइक नोंदवावेत आणि नंतर ते मिसळावेत, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते.

या मिश्रणात वेळेचा हिशेब सांभाळावा लागतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे २० मीटर मागे ठेवलेल्या माइकला तोच ठोका मिक्सरच्या तारेपेक्षा ५८ मिलिसेकंद उशिरा मिळतो आणि दुहेरी ठोका ऐकू येतो. संपादनात एक जोडी तेवढी सरकवली की काम भागते. मात्र मिक्सर एका उपकरणावर आणि माइक दुसऱ्यावर नोंदवले असतील तर एकदा सरकवून भागत नाही, कारण दोन उपकरणांतली घड्याळे हुबेहूब सारखी चालत नाहीत. दहा लाखांत वीस एवढा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. चार चॅनलच्या एकाच यंत्राचा खरा फायदा हा आहे.

तारांच्या बाबतीत आणखी एक फसवी गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. डावा-उजवा आवाज वाहणारी स्टिरिओ तार ६.३ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड खोबणीत घातली तर यंत्र त्या दोन्हींना एकाच संकेताच्या सुलट-उलट जोड्या समजते आणि त्यांची वजाबाकी करते. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज त्यात नाहीसा होतो, आणि गायक नेमका मध्यभागी असल्याने वाद्ये ऐकू येतात पण गळाच गायब होतो. स्टिरिओ तार दोन वेगळ्या टोकांत फोडून प्रत्येक बाजू स्वतंत्र खोबणीत घालणे, हाच त्यावर उपाय आहे.

मिक्सरला हात लावायचा किंवा मध्यभागी माइकचा स्टँड उभा करायचा तर परवानगी लागतेच, आणि ती केवळ शिष्टाचाराची बाब नाही. कलाकाराच्या संमतीविना त्याच्या प्रत्यक्ष सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण होऊ नये, हे संरक्षण १९६१ च्या रोम करारात आणि पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातही आले आहे. उलट बाजूने पाहिले तर ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने १९८४ साली मुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी ध्वनिनियंत्रकाच्या मागे राखीव जागाच ठेवायला सुरुवात केली. आधी विचारणाऱ्याला अनेकदा जागा, वीज आणि मिक्सरची तार हे सारे मिळते. खिशात यंत्र लपवून बसणाऱ्याच्या मुद्रणात कापडाची सळसळ मिळते.

जागेचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण तो चुकला तर महागडे यंत्रही हतबल होते. सभागृहात माइककडे दोन प्रकारचा आवाज येतो: व्यासपीठावरून थेट आलेला, आणि भिंती-छतांवर आपटून आलेला घुमारा. थेट आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबलने घटतो. घुमारा मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच भरून राहतो. ज्या अंतरावर हे दोन्ही समसमान होतात त्याच्या पलीकडे गेल्यावर शब्द पुसट आणि ठेका बोथट होऊ लागतो. हे अंतर काढण्याची रीत अशी: सभागृहाचे घनमीटरमधले आकारमान घुमाऱ्याच्या कालावधीच्या सेकंदांनी भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ०.०५७ ने गुणावे. ३००० घनमीटरचे आणि दीड सेकंद घुमणारे सभागृह घेतले तर उत्तर येते जेमतेम अडीच मीटर. एकदिश माइक हे अंतर सुमारे १.७ पटीने वाढवतात, आणि ध्वनिवर्धक आवाज एका दिशेने फेकत असल्यामुळे त्यांच्या समोर आणखी मागे बसता येते; तरीही शेवटच्या रांगेत छान ऐकू आले म्हणून तेथे छान मुद्रित होईल असे समजू नये. माणसाचा मेंदू घुमाऱ्यातून हवे तेवढे वेचून घेतो, आणि ती सोय माइकला नाही.

ध्वनिवर्धकाविना वादन असेल तर वाद्यांपासून दोन-तीन मीटरवर आणि बसलेल्या वादकांच्या डोक्यापेक्षा थोडे उंच अशी सुरुवात करावी, आणि मग ऐकत ऐकत पुढे-मागे सरकावे. ध्वनिवर्धक असतील तर दोन्हींपासून समान अंतरावर, मधल्या रेषेवर, श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर माइक असावेत, कारण माणसांची शरीरे आणि कपडे उच्च स्वर शोषून घेतात. गच्चीसारख्या पुढे आलेल्या बाल्कनीखालची जागा टाळावी. भिंतीला पाठ लावून ठेवण्याचा मोहही टाळावा: माइकच्या मागे अर्ध्या मीटरवर भिंत असेल तर परतणारा आवाज एक मीटर जास्त फिरून येतो आणि १७० हर्ट्झच्या आसपासचा स्वर खाऊन टाकतो, आणि पुरुषी आवाजाचा गाभा नेमका तेथेच असतो. टेबलावर यंत्र आडवे ठेवले तर हाच परिणाम जरा वरच्या स्वरांत होतो, शिवाय टेबलाला लागलेला प्रत्येक पाय ऐकू येतो. बहुतेक रेकॉर्डरांच्या तळाशी कॅमेऱ्याच्या तिपाईचा स्क्रू बसेल असे भोक असते. ते वापरण्यासाठीच दिलेले आहे. घरातल्या पंख्याच्या झोताला स्पंजची टोपी पुरते, उघड्यावर मात्र केसाळ आवरणच हवे.

लेव्हल लावण्यापूर्वी मेन्यूतील सर्व आपोआप चालणाऱ्या सोयी बंद कराव्यात. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय सभेतल्या भाषणासाठी ठीक आहे. संगीतात ती हलक्या आलापीला ओढून वर आणते आणि तिहाईला दाबून टाकते, म्हणजे कलाकाराने कष्टाने घडवलेला चढ-उतार सपाट करते. खर्ज कापणारा फिल्टरही बंद ठेवावा, कारण नको असलेला खर्ज नंतर काढता येतो पण कापलेला परत आणता येत नाही. चाचणीच्या वेळी सर्वांत मोठ्या आवाजाला मीटर उणे १८ च्या आसपास राहील असे चाक लावावे. प्रत्यक्ष कार्यक्रमात वादक हमखास अधिक जोरात वाजवतात आणि तेव्हा तो उणे १२ पर्यंत येतो. मग त्याला हात लावू नये. गाण्याच्या मध्ये बदललेली लेव्हल नंतर संपादनात जुळवणे अतिशय कंटाळवाणे काम आहे.

मुद्रण सुरू करण्याची कळ हीदेखील सांभाळण्याची गोष्ट आहे. पुष्कळ यंत्रांवर ती एकदा दाबली की लाल दिवा लुकलुकतो, मीटर हलू लागतो, हेडफोनमध्ये आवाजही येतो, पण यंत्र अद्याप फक्त तयारीत असते. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि खरे मुद्रण सुरू होते. दिवा आणि मीटर यांच्यावर विसंबण्यापेक्षा पडद्यावरचा वेळाचा आकडा पुढे सरकतो आहे ना, हे पाहावे. त्यानंतर होल्डची कळ सरकवून बाकीची बटणे कुलूपबंद करावीत.

सेलच्या बाबतीत नवे किंवा पूर्ण भरलेले सेल घालणे आणि मेन्यूत त्यांचा प्रकार योग्य निवडणे एवढे पुरे. रिचार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात आणि प्रकार चुकीचा निवडला तर यंत्र त्यांची शिल्लक चुकीची दाखवते. कार्ड त्याच यंत्रात फॉरमॅट केलेले असावे. वेव्ह फाइलला मुळातच ४ जीबीची मर्यादा असल्याने लांब कार्यक्रमात यंत्र आपोआप नवी फाइल सुरू करते. सांधा सलग आहे की मध्ये क्षणभर तुटतो, हे घरीच एकदा तपासून ठेवावे.

कार्यक्रम संपल्यावर थांबवण्याची कळ दाबून यंत्राला फाइल बंद करायला वेळ द्यावा, कारण फाइलची लांबी तिच्या सुरुवातीच्या भागात शेवटी लिहिली जाते आणि त्याआधीच सेल काढले तर संगणकाला ती फाइल रिकामी वाटू शकते. असे झालेच तर त्या कार्डावर पुढे काहीही लिहू नये. आवाज बहुधा तेथेच असतो, आणि ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत ती फाइल कच्चा डेटा म्हणून, बिट, दर आणि चॅनल हाताने सांगून उघडली तर तो परत मिळण्याची चांगली शक्यता असते. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे: सुरुवात-शेवट कापणे, गाणी वेगळी करणे आणि सर्वांत उंच बिंदू उणे १ वर येईल एवढा आवाज वाढवणे, यापलीकडे सहसा काही लागत नाही. साठवण्यासाठी फ्लॅक वापरावे, कारण त्यात एकही नमुना न गमावता जागा बऱ्यापैकी वाचते, आणि दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करून त्या उघडून ऐकल्यावरच कार्ड पुसावे.